‘खळं’च्या मागे बेळगावपर्यंत

क्षमा सासऱ्याला घेऊन कुठल्याशा बँडच्या मागे कोल्हापूर-सांगलीपर्यंत जाणार आहे, हे मुळगावात कळलं तेव्हा लोक आधी हसले आणि मग त्यांनी त्या सासऱ्याला, गोकुळदासाला, वेड्यात काढलं. सून आजारी, आठवड्यातून तीनदा डिचोलीला डायलिसिसच्या मशीनवर झोपते. मुलगा बोटीवर. आणि हा म्हातारा तिला गाणी ऐकवायला गावोगाव फिरवणार!

शेजारच्या विनोदिनीने कुंपणावरूनच विचारलं, "वाटेत काय बरा-वायट झाला तर कोणाक फोन करतलात?"

गोकुळदास व्हॅनची काच पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "आणि हयसर झाला तर कोणाक करतंय?"

विनोदिनी आत निघून गेली.

क्षमा पडवीत बसून हे ऐकत होती. तिला हसू आलं नाही. सासरा खरं तेच बोलला होता. घरात ही दोनच माणसं. सासू पद्मावती जाऊन तीन पावसाळे झाले होते, आणि परेश, क्षमाचा नवरा, एका प्रवासी बोटीच्या स्वयंपाकघरात कामाला होता. आज कुठल्या बंदरात आणि उद्या कुठल्या, त्याचं त्यालाच सांगता येत नसे.

क्षमाचं माहेर मोपाचं. वडिलांची काजूची बाग होती तिथून आता विमानं उडतात. लग्न होऊन ती मुळगावात आली आणि डिचोलीच्या बाजारात एका कापडाच्या दुकानात साड्या दाखवायच्या कामाला लागली. दिवसभर उभं राहायचं काम. संध्याकाळी पाय सुजायचे, पण दुकानातल्या सगळ्याच मुलींचे सुजायचे. मीठ टाकलेल्या गरम पाण्यात पाय बुडवून ती सकाळी पुन्हा उभी राहायची. एक दिवस तिचा चेहरा सुजलेला बघून पद्मावती म्हणाली, "ह्या काय उभ्या ऱ्हवण्याचा न्हय गो, बाय." तोवर उशीर झाला होता. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ थांबली होती.

डाव्या हाताला, मनगटाच्या वर, डॉक्टरांनी धमनी आणि शीर एकमेकींना जोडली. तिथली जागा हळूहळू दोरखंडासारखी फुगून आली. बोट ठेवलं की आत सतत काहीतरी थरथरत असायचं. बसमध्ये लोक त्या हाताकडे बघत आणि नजर फिरवत. तिने दुकान सोडलं ते मात्र या हातामुळे नव्हे. तिला आता उभंच राहवत नव्हतं.

परेश तेव्हा सुट्टी काढून आला होता. तिला मूत्रपिंड देण्यासाठी त्याचा रक्तगट जुळला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, पद्मावतीने तर देवाला नारळ ठेवला. पुढच्या तपासण्या व्हायच्या होत्या. त्याआधीच कंपनीने तातडीने बोलावलं म्हणून परेश निघून गेला. कंपनीने खरंच बोलावलं होतं का, हे कोणी विचारलं नाही. पुढच्या सुट्टीत बघू, असं ठरलं. पुढच्या सुट्टीत आईचं बारावं-तेरावं निघालं, आणि त्यानंतर ती गोष्ट फोनवर निघेनाशी झाली.

मशीनवरचे चार तास घालवायचे कसे, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. कोणी झोपतं, कोणी मालिका बघतं. क्षमाला फोनवर ‘खळं’ सापडलं. कुडाळकडच्या मुलांचा हा बँड. पखवाज, पेटी, गिटार, आणि प्रथमेश नावाचा एक उंच, जरा वाकून उभा राहणारा गायक. भजनाच्या चालीत सुरू होणारी त्यांची गाणी मध्येच भलतीकडे वळायची. त्यांच्या एका गाण्यात एक बाई नदी ओलांडताना होडीवाल्याला म्हणते, "हळू हळू ने रे तारी, मला घाई नाही." क्षमाने ते गाणं इतक्या वेळा ऐकलं की कुठल्या ओळीवर प्रथमेश श्वास घेतो तेही तिला पाठ झालं. सुई टोचताना ती ते लावायची. दुखायचं तेवढंच दुखायचं, पण दुखण्याकडे लक्ष कमी जायचं.

शेजारच्या खाटेवर सुलोचना नावाची एक बाई असायची. वय पन्नाशीचं, बडबडी. एकमेकींना गाणी ऐकवणं, डॉक्टरांच्या नकला करणं असं त्यांचं चालायचं. दिवाळीनंतर एका मंगळवारी सुलोचना आली नाही. गुरुवारी तिच्या खाटेवर एक म्हातारा झोपलेला होता. चादर तीच होती, निळ्या काठाची. क्षमाने नर्सला काही विचारलं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर जेवताना ती सासऱ्याला म्हणाली, "बाबा, ‘खळं’चो दौरो आसा जानेवारीत. पेडण्याक सुरू जातलो. मगे कुडाळ, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, आणि शेवटी आमच्या डिचोलीत. माका सगळ्याक जावचा आसा."

डिचोलीत होणारच होता कार्यक्रम. तेवढा बघितला असता तरी चाललं असतं. गोकुळदासाने तसं म्हटलं नाही. त्याने भात कालवला, एक घास खाल्ला आणि विचारलं, "मशीनाचा काय करतलंस?"

"कोल्हापुराक एक केंद्र आसा. हयच्या डॉक्टरान फोन केल्यान तर घेतत. बाकीचे दिवस जुळवूक येतत."

"मगे जावया," तो म्हणाला.

गोकुळदासाने आयुष्यभर खाणीचा ट्रक चालवला होता. खाणीवरून नदीच्या धक्क्यावर आणि धक्क्यावरून परत खाणीवर. खाणी बंद झाल्यावर ट्रक गेला आणि त्याने एक जुनी व्हॅन घेऊन शाळेची मुलं पोचवायला सुरुवात केली. चालकाच्या जागेवर जन्म घालवलेल्या या माणसाने कोल्हापूर कधी पाहिलं नव्हतं. मुलांच्या फेऱ्या त्याने आठवडाभरासाठी एका ओळखीच्याकडे सोपवल्या, मागची सीट काढून तिथे गादी घातली, आणि निघायच्या सकाळी पाववाल्या पोदेराकडून पिशवीभर कडक उंडे घेऊन आला.

"पलीकडे पाव गोड असता," त्याने कारण सांगितलं. तो हे कुठे ऐकून आला होता कोण जाणे.

पेडण्याला मजा आली. पूर्ण दौऱ्यात निखळ मजेची संध्याकाळ तेवढी एकच. मैदान भरलं होतं, माहेरची माणसं आली होती, आणि क्षमा पुढच्या रांगेत खुर्चीवर बसून सगळी गाणी तोंडातल्या तोंडात म्हणत होती. प्रथमेश मंचाच्या अगदी कडेला आला तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम तिला दिसला. गोकुळदास कानात बोटं घालून मागे उभा होता. परतीच्या वाटेवर तिने विचारलं, "कसा वाटला?"

"पखवाज बरो वाजयता तो देवेश," तो म्हणाला. "बाकीच्यांका कोणी आवाज कमी करूक सांगाक व्हयो."

ती खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

कुडाळला बँडच्या गावचेच लोक होते. तिथे प्रथमेश गाण्यांपेक्षा बोललाच जास्त, आणि मध्येच एकदा पाठ फिरवून बराच वेळ पाणी पीत राहिला. क्षमाच्या ते लक्षात आलं, कारण पाणी पिणाऱ्या माणसाकडे तिचं लक्ष जायचंच. डॉक्टरांनी तिला दिवसाला मोजकंच पाणी ठरवून दिलं होतं. स्टीलच्या एका लहान गडूत ती ते सकाळीच काढून ठेवायची आणि घोटघोट पुरवायची. फोंडाघाट चढताना तिला उलटी झाली आणि अर्धा गडू चूळ भरण्यात गेला. उरलेला दिवस तिने लिंबाची फोड चघळत काढला.

कोल्हापूरच्या अलीकडे रस्त्याला लागून रसाचं गुऱ्हाळ होतं. गोकुळदासाने व्हॅन थांबवली आणि सवयीने दोन ग्लास सांगितले. ग्लास समोर आले, वर फेस, आत बर्फ. तेव्हा त्याला आठवलं. क्षमाला उसाचा रस चालत नव्हता, नारळाचं पाणी चालत नव्हतं, केळंसुद्धा चालत नव्हतं. दोघंही त्या ग्लासांकडे बघत राहिली.

"तुमी तरी पिया, बाबा."

"माका खंय तहान लागली हा," तो म्हणाला. दोन्ही ग्लास तिथेच बाकड्यावर सोडून त्याने गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरच्या केंद्रात ती मशीनवर झोपली. नवी जागा, नवी नर्स. हात तिच्याकडे देताना क्षमाला परक्याच्या घरात अंगावरचे कपडे बदलल्यासारखं वाटलं. नर्स चांगली होती, पहिल्याच वेळेला सुई नीट बसली. गोकुळदासाला एरवी बाहेर बसावं लागे. इथे त्याला खाटेजवळ स्टूल मिळालं. नळ्यांतून फिरणारं तिचं रक्त त्याने इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. तो बराच वेळ त्या फिरत्या चाकाकडे बघत होता. मग एकदम म्हणाला,

"बाय, परेशाक कंपनीन बोलवूक नाय हुता."

क्षमाने कानातली वायर काढली.

"तो भियालो. माका येवन सांगल्यान. म्हणालो, बाबा, ऑपरेशनाचा माका भय वाटता, मी थंय मेलंय तर? माझो झील, सगळ्या गोव्यात माका तोंड वर करून चलाक लावलेलो झील. तेचा भय माका समाजता. पण तुका खोटा सांगून गेलो, ता समाजना नाय."

"माका ठाऊक आसा, बाबा."

"कोणी सांगल्यान?"

"कोणी नाय. तेना बॅग भरल्यान तेव्हाच कळला. दर खेपेक माका भराक लायता. त्या दिसा सोतान भरल्यान."

गोकुळदासाने मान खाली घातली. आतापर्यंत या माणसाने तिला डिचोलीला नेलं, आणलं, तिच्यासाठी बिनमिठाची आमटी वेगळी काढून ठेवली, दोन संध्याकाळी कानठळ्या सोसल्या आणि आता घाटावर आणलं. ते सगळं तो कशापायी करत होता, ते तिला तेव्हा नीट कळलं. तिला वाईट वाटलं. आपल्यासाठीच करत असेल असं ती समजून चालली होती. मशीनचा भोंगा वाजला, नर्स धावत आली, नळीचा पीळ सोडवून गेली.

कोल्हापूरच्या कार्यक्रमात तिला पुढे बसवेना. डायलिसिसच्या दिवशी अंगात त्राण नसतं. ती शेवटच्या रांगेत सासऱ्याच्या खांद्याला टेकून बसली. त्या संध्याकाळी प्रथमेश दुसऱ्याच गाण्यात शब्द विसरला. लोकांनी शब्द पुरवले, तोही हसला, पण होडीचं गाणं त्याने घेतलंच नाही. लोक ओरडून ओरडून मागत होते. देवेशने पखवाजावर त्या गाण्याचा ठेका धरलासुद्धा. प्रथमेशने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. देवेशने तरी ठेका सोडला नाही. मग प्रथमेश माइक खाली ठेवून आत गेला. लोकांना वाटलं, ही कार्यक्रमातलीच गंमत असेल. टाळ्या पडल्या.

सांगलीला प्रथमेश आणि देवेश एकमेकांकडे बघतही नव्हते. पूर्वी गाताना प्रथमेश पखवाजाच्या बाजूला कलायचा, ते क्षमाने शेकडो वेळा फोनवर पाहिलेलं. आता तो उलट्या दिशेला तोंड करून गात होता. आवाज होता तसाच होता. गाणीही तीच. पण क्षमाला आपण कोणाच्या तरी घरात भांडणाच्या वेळी शिरल्यासारखं अवघडायला झालं.

"परत जावया काय?" गोकुळदासाने विचारलं. तिचे पाय पुन्हा सुजले होते, ते त्याने बघितलं होतं.

"बेळगावात एक आसा. मगे घरच."

बेळगावला दोघं दुपारीच पोचली. नाट्यगृहाच्या बाजूला चहाची एक टपरी होती, वर चिंचेचं झाड. गोकुळदास व्हॅनमध्ये पाठ टेकायला पडला. क्षमा पाय मोकळे करायला उतरली आणि तिला टपरीच्या बाकावर प्रथमेश दिसला. एकटाच. अंगात साधा टी-शर्ट, पायात रबरी चपला, हातात चहाचा ग्लास. फोनवर इतकी वर्षं पाहिलेलं तोंड हातभर अंतरावर होतं आणि ते बरंच थकलेलं होतं.

ती पुढे गेली. "तुम्ही प्रथमेश ना?"

तो सवयीने हसला. "फोटो काढायचाय?"

"नाही. मी डिचोलीहून आलेय. पेडण्यापासून तुमच्या मागे आहोत. मी आणि माझे सासरे."

"पेडण्यापासून?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. "अहो, एवढे तर आमच्या घरचेही येत नाहीत. बसा."

ती बसली. तिथेच थांबायला हवं होतं, असं तिला नंतर कित्येकदा वाटलं. पण तिच्या मनात किती दिवसांचं साचलं होतं. तिने त्याला मशीनबद्दल सांगितलं. सुई टोचतानाच्या गाण्याबद्दल सांगितलं. सुलोचनाबद्दल सांगितलं, निळ्या काठाच्या चादरीबद्दलसुद्धा. म्हणाली, "तुमचं गाणं नसतं तर मी एवढी टिकले नसते. खरंच सांगते." आणि आपणहून कधी कोणाला दाखवला नव्हता तो फुगलेला हात तिने पदर सारून त्याच्यासमोर धरला.

प्रथमेशने हाताकडे पाहिलं. मग चहाच्या ग्लासाकडे.

"ताई, रागावू नका," तो म्हणाला. "पण हे मला का सांगताय?"

तिने पदर पुन्हा हातावर ओढला.

"दर गावात कोणीतरी येतं. कोणाचा मुलगा गेलेला असतो. कोणी विष पिऊन वाचलेलं असतं. सगळे हात धरून म्हणतात, तुम्ही वाचवलंत. मी कोणाला वाचवलं नाही हो. मी गाणं म्हटलं, एवढंच. ते होडीचं गाणं सुरू केलं की आता मला ही सगळी माणसं दिसतात. एक ओळ चुकली तर यातलं कोण मरेल, असं वाटत राहतं." त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "एवढं ओझं घेऊन मला उभं राहता येत नाही."

"चुकलं माझं," क्षमा म्हणाली.

"तुमचं नाही." तो उठला. चहा अर्धाच प्यायलेला होता. जाताना वळून म्हणाला, "तब्येत सांभाळा." आणि नाट्यगृहाच्या मागच्या दाराकडे गेला.

ती व्हॅनपाशी आली तेव्हा गोकुळदास उठून बसला होता. काचेतून त्याने सगळं बघितलं होतं. "काय म्हणालो तो?"

"काय नाय. भलो मनीस आसा."

संध्याकाळी नाट्यगृह भरलं. पडदा वर जायची वेळ टळली, लोक शिट्ट्या मारू लागले. शेवटी देवेश एकटाच पडद्याबाहेर आला. गायकाची तब्येत बिघडली आहे, आजचा कार्यक्रम होणार नाही, लोकांनी माफ करावं, एवढं बोलून तो नमस्कार करून आत गेला. खुर्च्या आपटल्या, कोणी शिव्या दिल्या. क्षमा जागेवरून उठलीच नाही. सगळे गेल्यावर गोकुळदासाने तिला हाताला धरून उठवलं.

चोर्ला घाट त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उतरला. धुकं होतं. गोकुळदास वळणावळणावर भोंगा वाजवत होता. क्षमाने मागच्या गादीवर पडल्या पडल्या त्याला टपरीवरचं सगळं सांगितलं.

"माझ्यामुळे सोडल्यान तेना, बाबा. मी गेलंय नसतंय तर कालचो कार्यक्रम झालो असतो."

"तुझ्या एका बोलण्यान कोण गाणा सोडता?"

"एका न्हय. खूप जणांच्या. त्यात शेवटचा माझा."

गोकुळदासाला तिची समजूत घालता येईना. त्याने एक-दोन वाक्यं जुळवून पाहिली आणि सोडून दिली.

डिचोलीच्या मैदानावर मंच उभारायला सुरुवात झाली होती. तो उभारणारी माणसंच आता बांबू सोडवत होती. फाटकावर बँडचं मोठं चित्र लावलेलं. प्रथमेशच्या तोंडावरून कोणीतरी ‘रद्द’ अशी कागदाची पट्टी तिरकी चिकटवली होती. गोकुळदासाने व्हॅन हळू केली. क्षमा म्हणाली, "थांबू नका."

पुढच्या सकाळी ती नेहमीच्या खाटेवर होती. डॉक्टर तिच्या वजनाचा आकडा बघून रागावले; प्रवासात अंगात बरंच पाणी साठलं होतं. ते काढताना तिचा रक्तदाब उतरला, पायांत गोळे आले, दोन नर्सना तिचे पाय धरून बसावं लागलं. कानात काही लावायचं तिला सुचलं नाही. त्यानंतरही सुचलं नाही.

काही आठवड्यांनी बँड मोडल्याचं कळलं. देवेश आणि प्रथमेश यांचं वर्षभर बिनसलेलं होतं; प्रथमेशवर उपचार चालू होते, दौरा करू नको असं घरच्यांनी आधीच सांगितलं होतं. हे सगळं वाचून क्षमाला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. विनोदिनीची मुलगी रेश्मा म्हणालीसुद्धा, "बघ वहिनी, तुझा काय नाय त्यात." क्षमाने मान डोलावली. पण पदर सारून हात पुढे केला तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे आलं होतं, ते रेश्माने पाहिलं नव्हतं.

पावसाळा सरल्यावर परेश सुट्टीवर आला. जाड झाला होता, केस मागे हटले होते. तिच्यासाठी त्याने मऊ लोकरीची शाल आणली, मशीनवर थंडी वाजते म्हणून. पहिले काही दिवस तो तिला स्वतः डिचोलीला घेऊन गेला. बाप त्याच्याशी कामापुरतं बोलायचा.

एका दुपारी गोकुळदास मुलांच्या फेरीवर गेलेला. परेश तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला. "क्षमा, या खेपेक तपासण्यो करून घेवया. माझ्यो."

तो पाठ करून आला होता, हे तिला कळलं. तिने विचारलं, "तुका भय वाटता?"

"नाय."

"खरा सांग."

तो जमिनीकडे बघत राहिला. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. "वाटता," तो म्हणाला.

"मगे नाका."

"तसा न्हय गो—"

"नाका म्हटलंय ना. भियान दिलेला माका नाका. रोज तुझ्या तोंडाकडे बघून जगूचा लागात. तुकाय जड, माकाय जड." तिचा आवाज स्थिर होता. मूत्रपिंडासाठीच्या यादीत तिचं नाव आहे, कधीतरी नंबर लागेल, असंही ती म्हणाली.

परेशचे ताठलेले खांदे हळूच खाली आले. त्याने तोंडावरून हात फिरवला. डोळे भरले होते त्याचे, आणि क्षमाला त्या पाण्यात सुटका स्वच्छ दिसत होती. तरी ती थांबली. नाही म्हटल्यावरही तो काही म्हणेल, हट्ट करेल, निदान एकदा तरी, असं तिला वाटत होतं. कोंबड्या उकरत उकरत पायरीपर्यंत आल्या.

"च्या करू तुका?" परेशने विचारलं. "अर्धो कप?"

"कर," ती म्हणाली.

गोकुळदासाला हे तिनेच सांगितलं, आणि असं सांगितलं की दोष मुलावर येऊ नये. पण म्हातारा ते ऐकून उठला तो थेट मागच्या परसात गेला आणि अंधार पडेपर्यंत तिथेच माडाच्या झावळ्यांचे हीर सोलत बसला. परेशची सुट्टी संपेपर्यंत बापलेकांनी एका वेळी जेवण घेतलं नाही. निरोपाच्या दिवशी परेश वाकून पाया पडला, तेव्हा गोकुळदासाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

आता पुन्हा सासरा तिला नेतो. सकाळची मुलं शाळेत सोडून तो तिला घ्यायला येतो. मुलांनी सीटवर सांडलेला खाऊ ती झाडते आणि पुढे बसते. वाटेत कधी तो खाण पुन्हा सुरू होणार असल्याची बातमी सांगतो. ती ‘हं’ म्हणते.

परवा केंद्रात नवी बाई आली. कमलाक्षी, नार्व्याची. नदीकाठी शेती आहे, हात राबून राबून राठ झालेले, त्यातल्याच एकाला मशीनसाठी केलेली नवी जखम. भीतीने तिचे ओठ सुकले होते. सुई टोचून झाल्यावर ती क्षमाकडे वळून म्हणाली, "चार तास? चार तास काय करूचा गो हयसर?"

"बोला माझ्याशी," क्षमा म्हणाली.

कमलाक्षी बोलू लागली. वांगी लावली आहेत, मिरची लावली आहे, धाकटा पाणी घालतो की नाही देव जाणे. क्षमा ऐकत होती. खोलीत यंत्रांची घरघर चालू होती. बोलता बोलता कमलाक्षी मध्येच थांबली, छताकडे बघितलं आणि विचारलं, "आणि किती वर्सां येवचा लागता हयसर? तू किती वर्सां येतंस?"

क्षमाने तिच्या पायांकडे पाहिलं. पावलं उघडी होती, गारठून पांढरी पडलेली.

"थंडी वाजली तर सांगा," ती म्हणाली. "मागितली की आणखी एक चादर देतत."